कंपौंडरची सनद

कोल्हापुरात महाद्वार रोडवर किंवा लक्ष्मीपुरीत ज्या काळी एखाद्या दवाखान्याची ख्याती डॉक्टरांच्या निदानाइतकीच त्यांच्या कंपौंडरच्या हातगुणावर अवलंबून असे, त्या काळी बाटलीत मिक्स्चर भरून तिच्यावर मात्रेच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी डकवणारा, पुड्या बांधणारा, जखमा धुणारा आणि प्रसंगी सुईही टोचणारा हा गृहस्थ कोणती परीक्षा उत्तीर्ण झाला आहे, अशी पृच्छा करण्याचे कोणाही रोग्याच्या मनात येत नसे. डॉक्टरांचा विश्वास हीच त्याची सनद.

१९४८ साली फार्मसी कायदा संमत झाला, तेव्हा कोल्हापूर हे अद्याप संस्थानच होते. मुंबई प्रांतात त्याचे विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले. या कायद्यातील एक तरतूद मला विशेष सुज्ञपणाची वाटते. पदविका नसली, तरी नियत तारखेपूर्वी ज्याने रुग्णालयात वा दवाखान्यात एकूण पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केले असेल, त्याचे नाव फार्मासिस्टांच्या पहिल्या नोंदवहीत दाखल होऊ शकत असे. सरावाला कायद्याने दिलेला तो मान होता. मात्र ती मुभा कायमची नव्हती. डॉक्टरांना स्वतःच्या रोग्यांस औषध देण्याची मोकळीक राहिली आणि तिच्या छायेत बिनसनदी कंपौंडर पुढेही टिकून राहिला, हे सांगावयास नकोच.

सनदेचा तोच प्रश्न आज नव्या रूपात उभा आहे. कागल-राधानगरीकडच्या मुली ज्या ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’च्या वर्गाला जातात, तो काही महिन्यांचा असतो. ताप, नाडी व रक्तदाब मोजणे, अंथरुणाला खिळलेल्या रोग्यास शय्याव्रण होऊ नयेत म्हणून कूस पालटून देणे, त्याला स्नान घालणे, स्ट्रेचरवर घेणे ही कामे त्यांना शिकवली जातात. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे प्रमाणपत्र हाती आले, तरी त्याने परिचारिकेचा अधिकार प्राप्त होत नाही. तसेच संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली केलेला कायदा किमान दोन हजार तासांचे शिक्षण मागतो; तेथवर हा वर्ग पोहोचत नाही.

म्हणून फी भरण्यापूर्वी पालकांनी संस्थाचालकांस रोखठोक विचारावे, की मुलीचे नाव शेवटी कोणत्या दप्तरी नोंदले जाईल? दोन वर्षांचा एएनएम (साहाय्यक परिचारिका व प्रसाविका) अभ्यासक्रम उत्तीर्ण होणाऱ्या मुलीची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. जाहिरातीच्या फलकावर मात्र दोन्ही अभ्यासक्रम एकाच ठळक टाइपात झळकत असतात.