पदक, पेन्शन आणि पहिलवानाचा गुडघा



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकाबाहेर आणि लेबर ऑफिसच्या बाकावर झाले. त्यामुळे खेळ या विषयावर बोला असा निरोप आला तेव्हा मी चालकांना म्हणालो, "मी जन्मात लंगोट कसला नाही. मला कामगारांपलीकडे काही येत नाही." ते म्हणाले, मग कामगारांवर बोला. तेव्हा आज मी तुम्हांला एका कामगाराची हकीगत सांगणार आहे. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

पहिलवान हा कामगार कसा, अशी शंका तुमच्यापैकी पुष्कळांना आली असेल. आपण पहिलवानाकडे पाहतो ते जत्रेत. हलगी वाजते, माती उडते, बक्षिसाचा नारळ मिळतो, फेटा बांधला जातो. पण जो मनुष्य आपले शरीर झिजवून लोकांसमोर काही करून दाखवितो, आणि ज्याच्या झिजण्यावर दुसऱ्यांचा मान, धंदा किंवा करमणूक चालते, त्याला कामगारांच्या यादीतून वगळावयाचे कारण मला सापडत नाही. हमालाची पाठ, विणकराचे डोळे, पहिलवानाचा गुडघा, ही सारी हत्यारेच. फरक इतकाच की पहिलवानाचे हत्यार तिशी-पस्तिशीतच बोथट होते, आणि पुढे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य उरते. त्या उरलेल्या आयुष्याचे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. घरात कुस्ती होती; वडिलांनी लहानपणीच मातीत उतरविले. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे कुस्ती मातीवर नव्हती, गादीवर होती. नियम निराळे, गुण मोजण्याची रीत निराळी. अशा परक्या आखाड्यातही ते आपल्या वजनी गटात सहावे आले.

चार वर्षांनी हेलसिंकीला जावयाचे ठरले, तेव्हा प्रवासाचा पैसा हीच मोठी कुस्ती होऊन बसली. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. आपण ही गोष्ट ऐकून डोळे पुसतो, आणि ते योग्यही आहे. पण माझ्यासारख्या हिशेबी माणसाच्या मनात लगेच दुसरे येते. छातीवर नाव देशाचे, आणि गहाणखतावर नाव एका शिक्षकाचे!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरविले. पुढे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ झुंज झाली व ती थोडक्यात गेली. दमलेल्या मल्लाला लागलीच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव्ह यांच्यासमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण तो दाखवून भांडावयास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे ही हकीगत सांगणारे सारेच सांगतात. फाटकावर काम केलेल्या माणसाला हे चित्र फार ओळखीचे आहे. कायदा पुस्तकात असतो, पण कामगार एकटा असला म्हणजे पुस्तक उघडणारा कोणी नसतो. इशींना सोन्याचे पदक मिळाले, ममदबेयोव्ह यांना चांदीचे, खाशाबांना काशाचे. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यावयास ४४ वर्षे लागली. ते १९९६ साली अटलांटात लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळविले.

परतल्यावर कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल वाजले, गुलाल उधळला. मिरवणूक संपली तशी खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकर गुरुजींचे घर सोडविले. पदक जिंकून आलेल्या माणसाने पहिले काम कोणते केले, तर देशासाठी काढलेले कर्ज अंगमेहनतीने फेडले!

१९५५ साली ते पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या आधी गुडघा दुखावला आणि ती वाट बंद झाली. वय तीस. पुढे सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी पोलिसांत नोकरी केली, असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. आणि निवृत्तीनंतर त्यांना आपल्या पेन्शनसाठी झगडावे लागले. क्रीडासंस्थांना त्यांची आठवण क्वचितच झाली. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत मशाल नेणाऱ्यांत त्यांना मान दिला गेला, तेवढाच. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात ते गेले. वय अठ्ठावन्न. त्यानंतर मात्र सन्मानांची रीघ लागली. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार, मग अर्जुन पुरस्कार, आणि २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव. २०१७ साली बातमी आली की गोळेश्वरला कबूल केलेले कुस्ती संकुल होत नाही, म्हणून ते उभारण्यासाठी कुटुंबीय पदक लिलावात काढण्याच्या विचारात आहेत.

आता मी तुम्हांला जरा दूर नेतो, कारण दुखणे एकच असले तरी तेथे त्यावर कोर्टात निकाल झाला आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू पायाने क्वचितच मारतात; हातात धरून पळतात, आणि बाकीचे एकमेकांना डोक्याने-खांद्याने मुसंडी मारून अडवितात. या खेळात माइक वेबस्टर नावाचा एक खेळाडू होता. १९७४ पासून १९९० पर्यंत तो व्यवसाय म्हणून खेळला. पिट्सबर्गच्या संघाला चार वेळा सर्वोच्च विजेतेपद मिळाले, तेव्हा तो संघाच्या मधोमध होता. त्याचे काम असे की चेंडू मागे देऊन त्याच क्षणी समोरच्या आडदांडावर तुटून पडावयाचे. असे प्रत्येक सामन्यात कितीतरी वेळा, आणि सरावात आणखी.

खेळ संपल्यावर त्याचे डोके फिरू लागले. विसर पडू लागला, पैसा हाती राहीना, घर मोडले. कधी कधी तो आपल्या मोटारीत झोपे. २००२ साली पन्नासाव्या वर्षी तो वारला. त्याचा मेंदू बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरने तपासला. कवटीत मेंदू हा भांड्यातल्या दह्यासारखा असतो. बाहेरून भांडे शाबूत दिसले तरी प्रत्येक हिसक्याने आतले दही हलते. हजारो हिसके वर्षानुवर्षे बसले म्हणजे मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गाठी साठत जातात आणि स्मृती, स्वभाव, विवेक हळूहळू पोखरले जातात. ओमालू यांनी हे २००५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा लीगच्या डॉक्टरांनी ते खोडून काढावयाचा प्रयत्न केला. गिरणीतल्या धुळीने खोकला होत नाही, असे सांगणारे डॉक्टर आम्हीही पाहिले आहेत.

पण तिकडच्या खेळाडूंजवळ एक गोष्ट होती, जी खाशाबांजवळ नव्हती. १९५६ पासून त्यांची युनियन होती. १९८२ साली, इकडे मुंबईत गिरणी कामगारांचा संप चालू असताना, तिकडे या खेळाडूंनी ५७ दिवस संप केला होता. पेन्शनचा फंड होता, त्याचे नियम लिहिलेले होते. म्हणून त्या नियमांवर बोट ठेवून कोर्टात जाता आले. वेबस्टरचे अपंगत्व केव्हापासून धरावयाचे, या मुद्द्यावर फंडाने रक्कम अडविली होती. तो गेल्यावर चार वर्षांनी, २००६ साली, वरिष्ठ कोर्टाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. पुढे साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडूंनी लीगवर दावे लावले. २०१३ साली ७६ कोटी ५० लाख डॉलरांची तडजोड जाहीर झाली, आणि २०१५ साली कोर्टाने ती वरची मर्यादा काढून मंजूर केली.

तेथेही सगळे सरळ झाले असे समजू नका. भरपाई ठरविताना काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी, असे गृहीत धरणारी मोजपट्टी वापरता येत होती. म्हणजे तितकीच इजा झाली तरी त्यांचे नुकसान कमी दिसावयाचे. ती पट्टी सोडून द्यावयाचे २०२१ साली कबूल झाले, तेही काही माजी खेळाडू कोर्टात गेल्यावर. जातीची मोजपट्टी काय असते हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागू नये.

तुम्ही म्हणाल, तिकडे संघाला मालक असतो, पगार असतो. आमच्या पहिलवानाचा मालक कोण? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर अमेरिकेत शोधावे लागत नाही. ते आपल्या बाजार समितीच्या आवारात आहे. हमालाचा तरी मालक कोण? सकाळी या अडत्याची पोती, दुपारी त्या व्यापाऱ्याची. म्हातारपणी कोणाकडे जावे, तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. जो जो हमालाकडून काम घेईल त्याने मजुरी बोर्डात भरावयाची आणि वर लेव्ही द्यावयाची. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. मालक एक नसला तरी जबाबदारी गोळा करता येते, हे या राज्याने करून दाखविले आहे. तिकिटे, जाहिराती, दूरदर्शनचे हक्क, स्पर्धांच्या वर्गण्या, यांवर अशीच लेव्ही बसवून खेळाडूंचे बोर्ड का निघू नये? हे मी अनेकांना विचारले. हसले सगळे, चूक कोणी दाखविली नाही.

काळ बदलला हेही सांगितले पाहिजे. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत पदक मिळविले. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळावयास ७२ वर्षे गेली. स्वप्नील रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्यांना बढती मिळाली आणि राज्याने एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आनंदच आहे. पण ही वरची एक पायरी झाली. खालच्या पायऱ्यांवर जे हजारो उभे असतात, ज्यांना पदक मिळत नाही आणि दुखापत मात्र मिळते, त्यांच्यापर्यंत कोटी पोचत नाहीत.

आपला वऱ्हाड काही व्यायामाला परका नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, आणि १९३६ साली त्याच्या तरुणांनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखविले होते. गावोगावी आखाडे होते, काही अजून आहेत. आमच्या युनियनमध्ये एक हमाल होता. तरुणपणी चार तालुक्यांतल्या जत्रा त्याने मारल्या होत्या. एका फडात गुडघा निसटला, हाडवैद्याने बसविला, तो नीट बसला नाही. त्याच गुडघ्यावर त्याने पुढे वीस वर्षे पोती वाहिली. तो म्हणे, "भाऊ, पोतं पाठीवर हाये तवरक इज्जत. खाली ठेवलं का कोन इचारते?" ज्या अडत्याकडे त्याचे आयुष्य गेले, त्याच्या वहीत त्याचे नावही नव्हते.

त्याच्या गावच्या जत्रा कमिटीकडे मी दोन वर्षांमागे गेलो होतो. दंगलीचा हिशेब मागितला. मंडळी भली, लगेच वही पुढे केली. मंडप, लाउडस्पीकर, हलगीवाले, फेटे, पाहुण्यांचे जेवण, पहिल्या नंबरची गदा. पान संपेपर्यंत मी वाचले. दवाखान्याची ओळ नव्हती. मी म्हटले, उद्या कोणाची मान मोडली तर? एक म्हातारेबुवा म्हणाले, "तसं आजवर झालं न्हाई." मी त्या हमालाचे नाव घेतले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. यंदाच्या वहीत फेट्यांच्या खाली एक ओळ वाढली आहे : पहिलवानांचा विमा व औषधपाणी. रक्कम फेट्यांपेक्षा कमीच आहे. पुढच्या वर्षी मी पुन्हा वही पाहावयास जाणार आहे.