एटीव्ही स्टार्ट होत नाहीये? आधी आवाज ऐका, मग ऑइल बघा

काशीद, नागाव, दिवेआगरच्या किनाऱ्यावर पर्यटकांना एटीव्हीतून फिरवणं हा आता कोकणातला चांगला हंगामी धंदा झाला आहे. पण पावसाळ्यात झाकून ठेवलेली गाडी सीझनच्या पहिल्याच दिवशी रुसली, तर ज्या घराची रोजीरोटी त्यावर आहे त्याचं नुकसान होतं. म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी घरच्या घरी काय तपासता येतं, ते आम्ही इथे सांगतो आहोत.

बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही

आधी साध्या गोष्टी बघा. लाल किल स्विच चालू आहे का? गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? बऱ्याच गाड्या ब्रेक दाबल्याशिवाय स्टार्टच होत नाहीत. त्यानंतर फ्यूज काढून बघा.

नुसतं टक् टक् होतं

बहुतेक वेळा दोष बॅटरीचा किंवा तिच्या वायरींचा असतो. खाऱ्या हवेनं टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. आधी निगेटिव्ह वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. दोन्ही घासून साफ करा. बसवताना उलट, म्हणजे निगेटिव्ह शेवटी. चॅसीला जोडलेली अर्थिंगची वायरही विसरू नका. मीटर असेल तर मोजा: भरलेली 12 व्होल्टची बॅटरी साधारण 12.6 दाखवते. 12.2 च्या खाली असेल तर चार्ज करा. बटण दाबताच आकडा 10 च्याही खाली गेला तर बॅटरी संपत आली आहे, किंवा इंजिनच अडकलं आहे. बॅटरी ठीक असूनही टक् टक् होत असेल तर स्टार्टर रिले तपासून घ्या.

मोटर फिरते, इंजिन फिरत नाही

नुसती घरघर येत असेल तर स्टार्टरचा वन-वे क्लच घसरतोय. यात बॅटरी बदलून पैसे घालवू नका, हे मेकॅनिकचं काम आहे.

एक पथ्य मात्र पाळा: बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर मोटर जळते.

आता ऑइल

गाडी सपाट जागेवर उभी करून डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे, समुद्राच्या लाटांतून गाडी नेणाऱ्यांना हे होतंच. अशी गाडी चालवू नका, ऑइल आणि फिल्टर बदला, आणि पाणी कुठून शिरलं तेही शोधा.

ऑइलची पातळी वर आली आणि पेट्रोलचा वास येतोय? मग कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई गळते आहे. पेट्रोल सिलिंडरमध्ये भरलं की पिस्टन अडकतो आणि स्टार्टर हतबल होतो. जोर लावून बटण दाबत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढून सिलिंडर रिकामा करा. तेव्हा आसपास विडी-सिगारेट, ठिणगी काही नको. सुई दुरुस्त केल्याशिवाय नवं ऑइल टाकू नका.

ज्या गाडीत क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, तिला कारचं ऑइल चालत नाही, क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघा, आणि ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या.

गाडी झाकून ठेवायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करा, बॅटरी काढून महिन्यातून एकदा चार्ज करा. आणि काढलेलं जुनं ऑइल वाळूत ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या. त्याच किनाऱ्यावर आपली पोरं खेळतात, आणि त्याच समुद्रात आपले मच्छीमार जाळी टाकतात.