मावशीला निरोप देण्यापूर्वी
मुलांना सांभाळणाऱ्या मावशीला कामावरून काढण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात: खाडे, सूर्यास्तानंतर बाळाला भरवणे, कंदमूळ वर्ज्य असताना बटाटा देणे, किंवा घरातील वस्तू हरवल्याचा संशय. मुलाला मारहाण झाली, तर तत्काळ निरोप योग्यच. परंतु इतर कारणांचे मूळ अनेकदा न झालेल्या बोलण्यात असते. किनवट तालुक्यातील इस्लापूरचा परिसर कापसाचा. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, मजुरी किलोवर मिळते आणि ती कमाई गरीब घराला सोडवत नाही. हे आधीच विचारले, तर त्या दिवसांची सोय लावता येते. चौविहाराचा नियमही पहिल्याच दिवशी समजावून सांगावा.

तत्त्वार्थसूत्रातील अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध आहेत. मूल सांभाळण्यास ठेवलेल्या स्त्रीकडून धुणीभांडीही करून घेणे, पुराव्यावाचून आळ घेऊन पगार अडवणे, हे श्रावकाने याच कसोटीवर तपासावे. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने अशा स्त्रियांसाठी घरेलू कामगार म्हणून नोंदणीची तरतूदही केली आहे.

निरोप द्यावाच लागला, तर कारण समोर बसवून सांगावे, हिशेब त्याच दिवशी चुकता करावा आणि मुलाला तिची भेट घेऊ द्यावी. मावशी अचानक दिसेनाशी झाली, तर त्याचे कारण त्या मुलाला कळत नसते.