नवागताची धूळपाटी

परगावी प्रथमच आलेल्या माणसाला कोणी ‘या, बसा’ म्हटले, पाणी दिले व वाट दाखविली, म्हणजे त्याचा संकोच नाहीसा होतो. विद्येच्या गावीही हीच रीत आहे. नवखा शिकणारा अडखळतो, चुकतो. त्या वेळी त्याच्या कानी कोणते शब्द पडतात, यावर तो तेथे टिकणार की निघून जाणार, हे पुष्कळदा ठरते.

मराठी विकिपीडिया हे असेच एक विद्येचे गाव आहे. इंटरनेटवरील हा मुक्त ज्ञानकोश 2003 साली 1 मे रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी सुरू झाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी पूर्वी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी जाणकार लेखक जमविले होते. विकिपीडियात मात्र कोणीही वाचक लेखणी हाती घेऊ शकतो. साहजिकच तेथे नवागत नेहमी येतात आणि चुकतातही.

त्यांच्यासाठी तेथे काही सोयी केलेल्या आहेत. नाव नोंदविणाऱ्याच्या चर्चापानावर स्वागताचा संदेश येतो. सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ असे नाव आहे. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मुले पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवीत व चुकले की पुसून पुन्हा लिहीत. या धूळपाटीवरही कितीही चुकले तरी चालते. शंका विचारण्यासाठी व विचारविनिमयासाठी ‘चावडी’ आहे.

परंतु खरी कसोटी याच्या पुढे लागते. समजा, मुंबईजवळच्या मढ गावातील कोळीवाड्यातल्या एका मुलीने बांबूंच्या वलांडीवर बोंबील कसे वाळवितात, हे आजीकडून ऐकून लिहिले. माहिती खरी आहे; तथापि प्रत्येक विधान पडताळून पाहता यावे, त्याला विश्वसनीय ग्रंथाचा किंवा वृत्तपत्राचा आधार असावा, असा तेथील नियम आहे. एखाद्या जुन्या संपादकाने काही न बोलता तो मजकूर काढून टाकला, तर नियम पाळला जाईल. पण ती मुलगी कदाचित पुन्हा फिरकणार नाही, आणि तिच्यापाशी असलेले ज्ञान ज्ञानकोशाला मुकावे लागेल. तोच संपादक जर म्हणाला, “विषय फार चांगला निवडलात. याला छापील आधार शोधू या,” तर तीच मुलगी ग्रंथालयाची पायरी चढेल. पानाच्या ‘इतिहासा’त जुना मजकूर जपलेला असल्यामुळे काढलेले वाक्य परत आणता येते; गेलेला उत्साह परत आणणे कठीण असते.

म्हणूनच, लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे असे प्रथम धरून चालावे, असा तेथे संकेत आहे. इंग्रजी विकिपीडियात तर ‘नवागतांना चावू नका’ अशी गमतीदार सूचनाच आहे!

नवागताचेही काही कर्तव्य असते. त्याने आधी वाचावे, सराव करावा, विचारण्यास लाजू नये व कोणी चूक दाखविली तर राग धरू नये. असे करता करता तोही एक दिवस जाणता होतो. मग चावडीवर नवा माणूस आला की, ‘या, बसा’ म्हणण्याची पाळी त्याची असते.