शंकरपट: परवानगी मिळाली, पुढे?
धामणगाव रेल्वे तालुक्यातलं तळेगाव दशासर हे वऱ्हाडातल्या शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, नावाजलेलं गाव. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना मुभा मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नियम असा की, धाव एक हजार मीटरच्या आत, चाबूक नाही, आधी पशुवैद्यकाची तपासणी आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी.

विरोधक विचारतात, बैलाची संमती कुठे घेतली? प्रश्न रास्त आहे, आणि ‘परंपरा’ हे त्याचं उत्तर नव्हे; परंपरेच्या नावावर काय काय खपवलं गेलं, ते आपण जाणतोच. पण सरसकट बंदीचाही तोटा दिसतो. ट्रॅक्टर आल्यावर शेतात बैलाचं काम घटलं. पटाच्या जोडीला मात्र किंमत आहे, म्हणून तिचा खुराक आणि निगा टिकते. शिवाय पटात निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो; मारझोड हा खेळाचा गाभा नाही. खरी मेख अंमलबजावणीत आहे: लाखोंची बक्षिसं आणि पुढाऱ्यांचे फलक लागले की धुरकऱ्याच्या, म्हणजे जोडी हाकणाऱ्याच्या, हाताकडे बघायला कोणी उरत नाही.