घरी बसून कॅल्क्युलस: क्लाससाठी कर्ज काढण्याआधी एवढं करून बघा



बारावी सायन्सनंतर लग्न झालं, कॉलेज लांब पडलं, म्हणून शिक्षण थांबलेल्या कितीतरी लेकीसुना आपल्या घरांत आहेत. मुक्त विद्यापीठामुळे त्यांना घरी राहून बी.एस्सी. करता येते. पण गणित घेतलं की पहिल्याच वर्षी कॅल्क्युलस समोर येतो आणि तिथं गाडी अडते. मग मोबाइलवरच्या क्लासची फी भरण्यासाठी समूहाकडे कर्जाची मागणी येऊ शकते. अशा वेळी हो किंवा नाही म्हणण्याआधी फुकट काय काय मिळतं, ते आपल्याला माहीत हवं.

कॅल्क्युलस म्हणजे काय?

मराठी विश्वकोशात याला ‘अवकलन व समाकलन’ म्हटलं आहे. शब्द जड आहेत, पण अर्थ आपल्या पासबुकातून समजतो. समजा, १० जणींचा समूह आहे आणि प्रत्येकी दरमहा १०० रुपये बचत आहे. म्हणजे शिल्लक महिन्याला १,००० रुपयांनी वाढते. हा झाला वाढीचा वेग. वेग शोधायचा ते अवकलन. आता उलट बघा. सहा महिने १०० रुपये भरले, पुढचे सहा महिने २०० रुपये. वर्षाची बचत ६,००० अधिक १२,००० म्हणजे १८,००० रुपये. वेगावरून एकूण काढायची ते समाकलन.

आपली बचत महिन्यातून एकदाच वाढते. टाकीत पडणारं पाणी किंवा वरून पडणारा दगड यांचा वेग मात्र क्षणाक्षणाला बदलतो. अशा सतत बदलणाऱ्या गोष्टींचा हिशेब म्हणजे कॅल्क्युलस.

प्रवेश घेताना

दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची मान्यता लागते. मान्य संस्थांची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. फी भरण्याआधी आपला अभ्यासक्रम त्यात आहे का, हे स्वतः बघा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. १९८५ साली स्थापन झालेल्या इग्नूची आपल्या राज्यात पुणे, मुंबई आणि नागपूर इथं प्रादेशिक केंद्रं आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं आहे. यंदा कोणते विषय आहेत, ते चालू माहितीपुस्तिकेत वाचा.

फुकट मिळणारी साधनं

१. आधी आपल्या विद्यापीठाचं पुस्तक. परीक्षा त्याच्यावरच असते. इग्नूची पुस्तकं ‘ईज्ञानकोश’ या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. कॅल्क्युलसच्या पेपरचा क्रमांक बीएमटीसी-१३१ आहे. प्रवेश घेण्याआधीही ते चाळून बघता येतं.

२. पाया कच्चा असेल तर शाळेची पुस्तकं. खूप वर्षं मध्ये गेली असतील, तर इथूनच सुरुवात करा. बालभारतीच्या अकरावी सायन्सच्या गणित भाग २ मध्ये सीमा, सातत्य आणि अवकलन आहे. बारावीच्या भाग २ मध्ये अवकलन आणि समाकलन पुढं नेलं आहे. ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. इंग्रजी जड जात असेल तर एनसीईआरटीचं बारावीचं गणित हिंदीत मिळतं. त्यातही अवकलन, समाकलन हेच शब्द आहेत. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर पुस्तकं फुकट आहेत.

३. व्हिडिओ आणि सराव. खान अकॅडमीवर धडे आणि सरावाची गणितं आहेत. उत्तर चुकलं की तिथंच कळतं आणि फी काही नाही. ‘स्वयं’ या सरकारी पोर्टलवर आयआयटीसारख्या संस्थांच्या शिक्षकांची व्याख्यानं आहेत. शिकणं फुकट आहे. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे पैसे भरायचे. रेंज नसेल तिथं टीव्हीवर ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या लागतात. आलेख समजत नसेल तर ‘जिओजेब्रा’ हे फुकट ॲप घ्या. समीकरण टाकलं की ते रेषा काढून दाखवतं.

हे सगळं एकदम सुरू करू नका. एक पुस्तक, एकाच ठिकाणचे व्हिडिओ आणि रोज वहीत सोडवलेली चार-पाच गणितं, एवढं पुरे. व्हिडिओ नुसता बघितला तर समजल्यासारखं वाटतं, पण हातानं सोडवल्याशिवाय गणित येत नाही.

विचारायला माणूस

अडलेलं गणित दाखवायला कुणीतरी लागतंच. अभ्यास केंद्रावरच्या मार्गदर्शन वर्गाचं वेळापत्रक आधीच मागून घ्या आणि अडलेल्या गणितांची यादी घेऊनच जा. जवळच्या ज्युनिअर कॉलेजच्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना महिन्यातून एकदा भेटता आलं तरी मोठी मदत होते. असाइनमेंट स्वतः सोडवा. इग्नूत तिला ३० टक्के वजन असतं, उरलेलं ७० टक्के परीक्षेला. दुसरीची उतरवून मार्क मिळतील, पण परीक्षेत हात चालणार नाही.

खरी अडचण वेळेची

इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. हा पेपर ६ क्रेडिटचा, म्हणजे १८० तास. सहा महिन्यांत तो संपवायचा तर रोज एक तास हवा. पुस्तक फुकट मिळतं, व्हिडिओ फुकट मिळतात, पण हा तास घरातूनच निघायला हवा. धुणी-भांडी, लेकरं, गुरं, शेतातली खुरपणी यांतून उरेल तेव्हा अभ्यास, असं म्हटलं तर तो कधीच उरत नाही. सासूबाईंनी सांजच्याला चूल सांभाळली, नवऱ्यानं तेवढा वेळ फोन तिच्या हातात दिला, तर तास निघतो.

समूहालाही बरंच करता येईल. ग्रामसंघाच्या खोलीत ठरलेल्या वेळी शिकणाऱ्या दोघी-तिघींना बसू द्या. कर्जाची मागणी आलीच तर आधी तीन गोष्टी विचारा: विद्यापीठाचं पुस्तक उघडलं का? फुकटचे धडे महिनाभर करून बघितले का? रोजचा तास कोणता ठरला? एवढं करूनही अडत असेल तर कर्ज जरूर द्या, पण वर्षभराची फी एकदम भरू नका. आधी एका महिन्याची भरून बघा. आपल्या समूहातल्या कुणाची लेकसून असं शिकतेय का, हे येत्या बैठकीत नावानिशी विचारा आणि तिचा तास त्याच दिवशी ठरवून टाका.