घंटा वाजली, तर आधी जनावर पाहा!

शेतकरी बंधूंनो, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जनावराला पूर्ण भूल दिली की श्वास मंदावतो, कधी थांबतोही. म्हणून श्वासनलिकेत घातलेल्या नळीला श्वसनमापक यंत्राचा सेन्सर जोडतात. प्रत्येक श्वासाला यंत्र टिकटिकते. ठराविक वेळेत श्वास आला नाही, तर घंटा वाजवते.

सेन्सरवर बाष्प वा चिकटा साचला, की यंत्र फसते. तेव्हा वापरापूर्वी बॅटरी व घंटा तपासावी, काम झाल्यावर सेन्सर पुसून कोरडा ठेवावा. साहित्याची तरतूद पाहणाऱ्यांनी बॅटरी संपण्याची वाट पाहू नये.

यंत्र श्वास मोजते; रक्तात प्राणवायू किती पोहोचला, ते सांगत नाही. डॉक्टरांनी मदतीला उभे केले, तर छाती-भकाळीची हालचाल बघत राहा. जीभ निळसर दिसली, तर लगेच सांगा. आणि डॉक्टर सांगतील तितका वेळ जनावर उपाशी ठेवाच. भरल्या पोटी पोटफुगी होऊन श्वास कोंडतो.